भरताची शिकवणी

दिवाळीनंतर बायकोची शिफ्ट बदलली आणि मी स्वयंपाक शिकायचा असं घरात एकमताने ठरलं. एकमताने म्हणजे माझं मत सोडून. तिकडे निफाडचा पारा उतरू लागला आणि इकडे सासूबाई जळगावहून मुक्कामाला आल्या, पिशवीभर बामणोदची वांगी घेऊन. पहिला धडा अर्थातच भरीत.

गुरू दोन. आई पक्की पंचवटीतली, सासूबाई पक्क्या खानदेशी. दोघी विहिणी एकमेकींशी इतकं गोड बोलतात की मला घाम फुटतो.

"वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची हं, जावईबापू." सासूबाईंनी श्रीगणेशा केला. गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर कपाशीच्या काड्या? वॉचमनकाकांना विचारलं, तर त्यांनी आधी आपला खराटा मागे लपवला.

"गॅसवर भाज रे," आई म्हणाली. "तेलाचा हात लाव, सुरीने टोच, नाहीतर फुटेल."

"हो हो, गॅसवरही होतं की! धुराचा वास लागत नाही, एवढंच."

आईने पदर खोचला.

वांगी सोलताना मात्र दोघींचं जमलं. पाण्याखाली धरायची नाहीत, चव जाते. माझी बोटं भाजत होती, पण त्याबद्दल दोघींचं काही म्हणणं नव्हतं. मग सासूबाईंनी पिशवीतून चक्क लाकडी बडगी काढली. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि वांगी त्यातच ठेचायची. वर कांद्याची पात, फोडणीत शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप. आईने तेवढ्यात हळदीचा डबा उघडला.

"हळद घालता तुम्ही? बरं बरं. रंग छान येत असेल."

"आणि दही," आई शांतपणे म्हणाली. "ह्याला लहानपणापासून दह्यातलंच आवडतं."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"मीठ कमी आहे!" हॉलमधून बाबा ओरडले. बाबांनी जन्मात गॅस पेटवलेला नाही आणि भरताला अजून मीठ लागलंच नव्हतं, पण परीक्षकाला पेपर बघावा लागतोच असं नाही.

शेवटी दोन कढया चढल्या. मी मध्ये उभा राहून "झाकण दे," "सरक," "अहो, चिमटा कुठे ठेवलात?" एवढा अभ्यासक्रम पूर्ण केला. शिकवणी माझी होती, पण उलथनं माझ्या हातात आलं ते घासायला.

ताटात कळण्याची भाकरी आणि दोन वाट्या. एकीत हिरवं जाळ, एकीत पिवळं गार. दोघी समोर बसल्या. "सांग, कुठलं?" आई. "संकोच करू नका," सासूबाई.

मी दोन्ही एकत्र कालवलं.

दोघींच्या तोंडून एकाच सुरात "अगंबाई!" निघालं. बायको ऑफिसमधून येईपर्यंत त्यांचं माझ्याविषयी पूर्ण एकमत झालं होतं, आणि दोघी एकाच सोफ्यावर बसून चहा पीत होत्या.

उद्या शेवभाजी. काळ्या मसाल्याचं माप सांगायला सिन्नरहून आत्याही येतेय.