स्पर्धा संपली, आता हॉल उघडा

पोस्ट मोठी आहे, पण गेले कित्येक दिवस डोक्यात कोकणातल्या आमच्या तालुक्यातल्या एका बंद हॉलचंच चाललंय म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

फेब्रुवारीत इटलीत मिलान-कोर्तिनाला हिवाळी ऑलिम्पिक चालू होतं तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदाच सगळे रात्री बसून बर्फावरचे खेळ बघत होते, बाहेर काजू मोहोरलेला, आंब्याला फवारणी चाललेली, अंगाला घाम, आणि समोर टीव्हीवर माणसं बर्फावरून सुसाट चाललेली. त्याच आठवड्यात माझ्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. तो कॅनडात व्हँकुव्हरच्या शेजारी रिचमंड म्हणून शहर आहे तिथे असतो, बारा वर्षं झाली तरी माझ्याशी मालवणीतच बोलतो. त्याच्या मागे केवढा तरी मोठा हॉल दिसत होता, वर लाकडाचं छत, खाली कोर्टवर लोक बॅडमिंटन खेळतायत. मला म्हणाला, "गो ताय, ह्या बघ, २०१० च्या ऑलिम्पिकात हयसरच ते स्केटिंगवाले धावले हुते. आता मी दर शनवारी हयसर बॅडमिंटन खेळतंय."

मी दोनदा विचारलं, खरंच तीच जागा? तीच म्हणाला. मग कॅमेरा फिरवून दाखवलं, एका बाजूला पोरं आइस हॉकी खेळतायत, मधे कोर्टं, पलीकडे धावायचा ट्रॅक आणि त्यावर एक आजी काठी न घेता हळूहळू चालतायत. त्या आजी काही डोक्यातून जाईनात.

कारण आमच्या तालुक्यातही एक हॉल आहे. नाव घेत नाही, ज्यांना माहितेय त्यांना माहितेय. जिल्हास्तरीय स्पर्धेच्या आधी घाईघाईने पूर्ण केला, रंग ओला असताना उद्घाटन झालं, तीन दिवस स्पर्धा झाली, माझी मुलगी त्यात खो-खो खेळली, आणि चौथ्या दिवशी गेटला कुलूप. त्यानंतरच्या पावसाळ्यात पत्र्याच्या जोडातून पाणी गळलं, लाकडी फ्लोअर फुगला, आता बाजूने रान वाढलंय आणि गेटसमोर गुरं बसतात. आम्ही वाडीतल्या बायका पावसाळ्यात आत चालायला मिळेल का विचारायला गेलो होतो. आधी म्हणाले अर्ज द्या, दिला, मग म्हणाले डिपॉझिट लागेल, तयारी दाखवली, मग चावीवाला माणूस रजेवर. असं चार वेळा झालं आणि मग आम्हीच जायचं सोडलं, ती आमची चूक.

ज्यांना वाटेल की चालायला हॉल कशाला हवा, एवढा समुद्रकिनारा आहे, त्यांनी जून ते सप्टेंबर इथे राहून बघावं. आपल्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, किनाऱ्यावर भरतीची वाळू आणि शेवाळ, गावातल्या पायवाटा निसरड्या, आणि रस्त्याच्या कडेने चालावं तर चिऱ्याचे ट्रक अंगावर येतात. माझ्या वयाच्या निम्म्या बायकांना शुगर आहे, डॉक्टर सांगतात रोज चाला, आणि चार महिने चालायचं कुठे तर खळ्यात गोल गोल.

तर त्या रिचमंडच्या हॉलबद्दल मी मिळेल ते वाचलं. रिचमंड ऑलिम्पिक ओव्हल असं नाव, फ्रेझर नदीच्या काठावर, डिसेंबर २००८ मध्ये उघडला, खर्च साधारण १७ कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलर. छताचं लाकूड वाचून तर मला बरंच वाटलं, तिकडे पाइनच्या जंगलाला एका किड्याने पोखरून काढलं होतं, आपल्याकडे आंब्याला भिरूड लागतो तसंच समजा, तर त्या मेलेल्या झाडांचं लाकूड यात वापरलं. आणि छतावरचं पावसाचं पाणी साठवून संडासाला वापरतात. पाऊस तिकडेही भरपूर, पण त्यांनी छत बांधतानाच पाण्याचा विचार केला होता.

पण मला सगळ्यात पटलं ते वेगळंच. तो हॉल बांधला त्या शहराच्या पालिकेने, आणि पहिल्या नकाशापासून त्यांना माहीत होतं की इथे ऑलिम्पिक जेमतेम दोन आठवडे चालणार आणि पुढची पन्नास वर्षं रिचमंडचे लोक वापरणार. म्हणून ४०० मीटरचा तो स्केटिंगचा ट्रॅक स्पर्धा झाल्यावर काढला, आणि त्या एकाच मोठ्या फ्लोअरचे तीन भाग केले, एकात दोन आइस रिंक, एकात कोर्टं, एकात २०० मीटरचा धावायचा ट्रॅक. म्हणजे मांडवासारखं, आज लग्न, उद्या पूजा, परवा भजन, खांब तेच. व्हँकुव्हरमध्येच हिलक्रेस्ट म्हणून दुसरी जागा आहे, जिथे कर्लिंग झालं, तो बर्फावर दगड घसरवायचा आणि पुढे दोघं झाडू मारतात तो खेळ. तिथे आता पोहण्याचा तलाव आहे, लायब्ररी आहे, जिम आहे, आणि कर्लिंगचा क्लबही आहे. लायब्ररी! पोरगं पोहतंय तोवर आई पुस्तक वाचत बसू शकते. एवढी साधी गोष्ट आहे ही.

याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कोणी कॉमेंटमध्ये सांगेलच. तो मोठा ट्रॅक काढला म्हणजे स्पीड स्केटिंगवाल्यांची तिथली जागा गेली. कॅनडातच कॅल्गरीत १९८८ च्या ऑलिम्पिकचा असाच स्केटिंगचा ओव्हल आहे, तो युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे आणि तिथे अजूनही मोठे खेळाडू सराव करतात, रिचमंडला तसं राहिलं नाही. खेळाडूच्या बाजूने विचार केला तर हे नुकसानच. मी स्वतः शाळेत खो-खो खेळलेली आहे, सरावाची जागा गेली की काय होतं ते मला कळतं. तरीपण मला विचाराल तर मी त्या काठी न घेता चालणाऱ्या आजींच्या बाजूने आहे, कारण वर्षाचे सगळे दिवस येणारं माणूस ते आहे.

लगेच म्हणतील, ते श्रीमंत देश, त्यांचं काय सांगतेस. बरं, इटली काय गरीब आहे का? २००६ ला तोरिनोला ऑलिम्पिक झालं तेव्हा चेझाना म्हणून डोंगरातल्या गावात बॉबस्लेचा ट्रॅक बांधला, म्हणजे ती पाळण्यासारखी गाडी बर्फाच्या नळीतून खाली येते त्यासाठी. १० कोटी युरोंहून जास्त खर्च झाला आणि पाच-सहा वर्षांत बंद. त्या गावातल्या माणसाने बॉबस्लेच्या नळीत करायचं काय? तिथे ना मुलं खेळू शकत, ना म्हातारी माणसं चालू शकत, ना लग्न लागत. बर्फ धरून ठेवायचं तर यंत्रं चालू ठेवा, बिल भरा. आणि आता २०२६ साठी त्याच देशाने कोर्तिनाला नवा ट्रॅक परत तेवढेच पैसे घालून बांधला. म्हणजे पैसा असून भागत नाही, काय बांधतोय आणि कोणासाठी हे आधी ठरावं लागतं. मिलानमध्ये मात्र त्यांनी खेळाडूंची राहायची घरं बांधतानाच ती नंतर विद्यार्थ्यांचं हॉस्टेल म्हणून ठरवून बांधली, तेवढं बरं केलं.

कोरियाने २०१८ ला प्योंगचांगमध्ये ३५ हजार लोकांचं पंचकोनी स्टेडियम बांधलं, फक्त उद्घाटन आणि समारोपासाठी, ऑलिम्पिकचे दोन आणि पॅरालिम्पिकचे दोन असे चार कार्यक्रम झाले आणि उतरवून टाकलं. पुष्कळ जण याला उधळपट्टी म्हणतात, असेलही, पण त्या छोट्या गावाला ३५ हजार खुर्च्या पुसत बसायला लावण्यापेक्षा काढून टाकल्या हे मला प्रामाणिकपणाचं वाटतं.

आणि आपल्या देशातलं बघा. देहरादूनला २०११ च्या जानेवारीत साउथ एशियन विंटर गेम्ससाठी इनडोअर आइस रिंक बांधलं, एवढ्या मोठ्या मापाचं देशातलं एकमेव. स्पर्धा झाली आणि मग वर्षानुवर्षं बंद. आपले आइस स्केटिंगवाले त्या काळात सरावाला परदेशात जात होते, किंवा मॉलमधल्या छोट्या रिंकवर. २०२५ मध्ये ते दुरुस्त करून हिमाद्री नावाने उघडलं, ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक, म्हणजे छोट्या ट्रॅकवरच्या स्केटिंगची स्पर्धाही झाली, आनंद आहे. पण २०११ ला जी मुलगी दहा वर्षांची होती ती आता पंचविशीत आहे, तिचं सरावाचं वय त्या कुलपात गेलं. माझी मुलगी पण आता अकरावीला आहे हो.

याच्या उलट लडाख. लेहला कारझू म्हणून तळं आहे, हिवाळ्यात गोठलं की त्यावर आइस हॉकी. यंत्र नाही, वीजबिल नाही, थंडी देवाची. अशा तळ्यांवर खेळून मोठ्या झालेल्या लडाखच्या पोरींनी २०२५ मध्ये महिलांच्या आशिया कपला भारतासाठी ब्राँझ आणलं. सिमल्याचं रिंकही असंच, १९२० पासून, रात्री पाणी सोडायचं आणि सकाळी गोठलेल्यावर खेळायचं.

हे वाचताना मला आपले मळेच आठवले. आपल्याकडे वेगळं काय होतं? दिवाळीच्या आसपास भात कापून झालं की वाडीतली पोरं शेताच्या मालकाकडे जाऊन विनवतात, काका एवढा कुणगा (शेताचा तुकडा) कुळीथ न पेरता ठेवा, मग मेरा, म्हणजे बांध, सपाट करायच्या, चुना मारायचा, हॅलोजन लावायचे आणि प्रकाशझोतातील कबड्डी. मुंबई मंडळाचे चाकरमानी वर्गणी पाठवतात, बक्षिसाची ढाल कोणीतरी आईच्या स्मरणार्थ देतं. जूनमध्ये तिथे परत नांगर. मांडावर शिमगा होतो, तिथेच पोरं एरवी खेळतात. देवळाच्या सभामंडपात भजन, ग्रामसभा, दशावतार, आणि पाऊस लागला की मुलांची योगासनं. एक जागा दहा कामांना कशी वापरायची हे आपल्याला कोणी कॅनडाहून येऊन शिकवायची गरजच नाही, सभामंडपाला कुलूप लागलं तर सकाळी दहा माणसं गुरवाच्या दारात उभी राहतील. सरकारी पैशाने बांधलेल्या हॉलला मात्र ते आपलं आहे असं आपणच धरत नाही.

आता पैशाचं. देखभालीला पैसे कुठून, हे मला आमच्या हॉलवरच्या माणसानेही विचारलं आणि त्याचा प्रश्न रास्त होता, कारण बांधायला निधी येतो, बल्ब बदलायला येत नाही. व्हँकुव्हरच्या २०१० च्या ऑलिम्पिकच्या वेळी कॅनडाच्या केंद्र सरकारने आणि तिथल्या प्रांताने मिळून ११ कोटी डॉलरची ठेव वेगळी काढली, रिचमंडचा ओव्हल आणि व्हिसलरच्या दोन जागा यांच्या देखभालीसाठी. अमेरिकेत २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिम्पिकनंतर ७ कोटी ६० लाख डॉलरची ठेव ठेवली, तिथल्या जागा आजही पोरं वापरतात आणि आता २०३४ चं ऑलिम्पिक परत तिथेच आहे. ठेव आणि तिचं व्याज. आपल्या कित्येक देवस्थानांचा जत्रेचा खर्च असाच निघतो, बँकेत ठेव आणि वर्षाच्या व्याजात मंडप, दिवाबत्ती, महाप्रसाद. मग हॉल बांधताना बजेटमधले थोडे पैसे त्याच्या नावाने ठेवीत टाकायला काय हरकत होती? टाइल्स एक नंबर कमी लावल्या असत्या तरी चाललं असतं.

तौक्ते वादळाच्या वेळचं पण सांगते. मे २०२१, किनाऱ्यालगतच्या घरांवरची कौलं उडाली, आमच्याकडे खालच्या वाडीतली चार कुटुंबं दोन दिवस माझ्या पडवीत आणि शाळेच्या एका वर्गात होती, म्हातारी माणसं, तान्हं बाळ, वर कोरोनाची भीती. आणि तेव्हा तो एवढा हॉल कुलूपबंद होता, उघडा असता तर प्रत्येक कुटुंबाला अंतर ठेवून झोपता आलं असतं. हे आठवलं की मला अजून गलबलतं.

मी काय मागतेय ते सरळ लिहिते. नवीन काही बांधू नका. आहे त्याचे पत्रे पावसाच्या आधी, म्हणजे मे संपायच्या आत दुरुस्त करा. लाकडी फ्लोअर परत टाकू नका, आपल्या हवेत तो टिकत नाही, साधी कोबा जमीन करा आणि वर गुंडाळता येणाऱ्या मॅट द्या. सकाळी साडेपाच ते साडेसात चालणाऱ्यांना, दिवसा आजूबाजूच्या शाळांना, संध्याकाळी मुलांना, त्यातले दोन दिवस फक्त मुलींना. मुलींचं मुद्दाम लिहितेय, कारण मोकळ्या मैदानावर मुलगे आधी पोचतात आणि मुली मेरेवर बसून बघत राहतात, मी पण तशीच बसलेली आहे. चावी एका माणसाकडे नको, तीन वाड्यांत तीन ठेवा आणि वहीत सही करून घ्या. आणि मुंबई मंडळांनी, दर वर्षी ढाल आणि बॅनरला जो खर्च करता त्यातला थोडा या हॉलच्या नावाने ठेवीत टाकता येईल का, याचा खरंच विचार करा, मी पाया पडून सांगते.

मावसभावाला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, "ताय, पयलो हप्तो माजो."

अर्ज लिहून तयार आहे, मराठीत, दीड पान. माझ्या खानावळीच्या काउंटरवर ठेवलाय, पेनसकट. आत्तापर्यंत ४३ सह्या झाल्यात, त्यातल्या २९ बायकांच्या. सोमवारी सकाळच्या एसटीने मी तालुक्याला जाणार आहे, सोबत अजून चौघी आहेत. ज्यांना सही करायचीय त्यांनी रविवारी रात्री नऊच्या आत या, नंतर मी बंद करते.