रिक्त न्यायासने आणि दोषाची वाटणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. न्यायाधीशांच्या रिक्त पदांवरील लेखात मी सारा दोष केंद्र सरकारच्या माथी मारला, उच्च न्यायालयेच नावे उशिरा पाठवतात हे सांगितले नाही, आणि न्यायवृंदाची, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाने उच्च न्यायालयांचे नवे न्यायाधीश निवडण्याची, पद्धत मोडीत निघाल्याशिवाय पदे भरली जाणार नाहीत, असे आपले म्हणणे आहे. आक्षेप रास्त आहे. त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

उच्च न्यायालयाचे न्यायाधीश वयाच्या ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, म्हणजे पद कधी रिकामे होणार हे ते शपथ घेतात त्याच दिवशी ठाऊक असते. म्हणूनच पद रिकामे होण्याच्या किमान सहा महिने आधी मुख्य न्यायमूर्तींनी नाव सुचवावे, असे नेमणुकीच्या कार्यपद्धतीत म्हटले आहे. ते अनेकदा पाळले जात नाही, हे मी लिहायला हवे होते.

परंतु नाव वेळेवर गेले तरी पुढचा प्रवास कसा होतो, हेही पाहावे. न्यायवृंदाने एकमताने पुन्हा पाठवलेल्या नावाची नेमणूक तीन ते चार आठवड्यांत व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले. सोमशेखर सुंदरेसन यांचे नाव मुंबई उच्च न्यायालयासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुचवले गेले, समाजमाध्यमांवरील त्यांच्या मतांकडे बोट दाखवून सरकारने ते परत पाठवले, जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदाने त्याचा पुनरुच्चार केला आणि नेमणूक झाली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. ९४ मंजूर पदांवर मुंबईपासून नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यापर्यंतचा कारभार चालवणाऱ्या न्यायालयाच्या खात्यावर हे शेवटचे दहा महिने कसे टाकायचे?

आपल्या निष्कर्षाला खरा छेद देते ते तालुक्याचे न्यायालय. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो, नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते आणि या वाटेवर न्यायवृंद कुठेही भेटत नाही. भरतीचे वेळापत्रकही सर्वोच्च न्यायालयाने मलिक मजहर सुलतान प्रकरणात २००७ मध्येच घालून दिले आहे. तरीही पदे रिकामी राहतात. मी वकिली करतो त्या भागात एक न्यायासन बराच काळ रिकामे होते. शेजारच्या न्यायाधीशांकडे कार्यभार असल्याने तातडीचे अर्ज तेवढे ऐकले जात आणि बाकीच्या दाव्यांच्या रोजनाम्यात ‘पद रिक्त, पुढील तारीख’ एवढीच नोंद होई. बांधाच्या वादातला माझा एक वृद्ध पक्षकार सकाळच्या एसटीने येई, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात बसे आणि कागदावर नवी तारीख लिहून घेऊन दुपारच्या गाडीने परत जाई. त्याला न्यायवृंद आणि लोकसेवा आयोग यांतला फरक मी काय समजावणार होतो?

न्यायवृंदाच्या जागी आणलेल्या आयोगाविषयीही थोडे. २०१४ चा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केला. आयोग वैध ठरवणारे न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचे वेगळे मत मला आजही विचारात पाडते, आणि न्यायवृंदाचा कारभार बंद दाराआड चालतो ही आपली तक्रार माझीही आहे. पण त्या कायद्यातसुद्धा निवृत्तीमुळे होणाऱ्या रिक्त पदाची सूचना केंद्राने सहा महिने आधी आयोगाला द्यावी, अशीच तरतूद होती. म्हणजे आज जी अट कागदावर असून पाळली जात नाही, तीच. निवडणारे बदलले असते, तरी ती पाळली गेलीच असती असे मानायला मला आधार सापडत नाही. शिवाय तालुका आणि जिल्हा न्यायालये त्या आयोगाच्या कक्षेबाहेरच होती, आणि बहुसंख्य लोकांचे दावे तर तिथेच पडून आहेत.

आपल्या सूचनेनुसार सहा महिन्यांच्या अटीचा आणि उच्च न्यायालयांकडून होणाऱ्या विलंबाचा परिच्छेद मूळ लेखात आज घातला आहे. केंद्राविषयीची वाक्ये मात्र तशीच ठेवली आहेत.