माऊसचं माप

"सेन्स एक ठेव रे, सगळीकडे तेच चालतं," असं टीममधल्या एका बहाद्दराने हेडफोनमधून सांगितलं आणि मी ऐकलं. सेन्स म्हणजे माऊस हलवला की गेममधली नजर किती वळते तो आकडा. काउंटर-स्ट्राइक 2 या नेमबाजीच्या गेममधला 1 तसाच व्हॅलोरंट या दुसऱ्या गेममध्ये टाकला. डावीकडे पावलं वाजली म्हणून 90 अंश वळायला गेलो, तो 286 अंश गरकन फिरून उजवीकडच्या भिंतीत अख्खं मॅगझिन रिकामं केलं. बहाद्दर तीन राउंड हसत होता.

हिशेब असा. माऊसच्या एका काउंटला, म्हणजे तो मोजतो त्या सर्वांत लहान हालचालीला, सेन्स 1 असताना, काउंटर-स्ट्राइक 0.022 अंश फिरतं, व्हॅलोरंट 0.07. भागाकार 3.18, म्हणजे तिकडचा 1 इकडे 0.314. ओव्हरवॉच 2 मध्ये 0.0066, म्हणून तिथे 3.33. एपेक्स लेजेंड्सला मात्र 1 चा 1.

800 डीपीआयला, म्हणजे इंचाला 800 काउंट, पूर्ण गिरकी 52 सेंटीमीटरची. माझा पॅड 45 चा. म्हणून अर्धीच गिरकी मोजायची. भिंतीच्या कोपऱ्यावर नेम धरायचा आणि माऊस न उचलता, हात कमानीत न नेता, सरळ 26 सेंटीमीटर ओढायचा. बरोबर पाठीमागे तोंड झालं पाहिजे. त्यासाठी आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप आणली, तेवढ्यात ब्लाउजपीस घेऊन शेजारच्या काकू आल्या.

"कोणाचं माप घेतोयस रे?"

"माऊसचं."

"छातीचं की उंचीचं?"

मी दात-ओठ खात समजावलं: हात तेवढाच हलतो, पण प्रत्येक गेममध्ये आकडा वेगळा.

"मग त्यात काय! कोपऱ्यावरचा टेलर मला 36 म्हणतो, स्टेशनजवळचा 38. अंग तेच ना माझं? आकडा विचारायचाच नाही, जुना ब्लाउज द्यायचा मापाला."

चार संध्याकाळी घालवून मला जे उमगलं ते काकूंनी चपला न काढता सांगितलं. राग आला. पण मुळात तो आकडा गेमागणिक वेगळा का? सरळ 'एका गिरकीला इतके सेंटीमीटर' असा रकाना द्यायला काय पैसे पडतात? आणि एवढं जुळवूनही व्हॅलोरंटचा फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याची रुंदी, 103 अंश, काउंटर-स्ट्राइकचा साधारण 106, त्यामुळे नजरेला किंचित वेगळं वाटतंच. बंदुकीच्या दुर्बिणीचा, म्हणजे स्कोपचा, आकडा तर दोन्हीकडे वेगळा जुळवायचा. वर चाकामागचं डीपीआयचं बटण चुकून दाबलं गेलं की 800 चे 1600, आणि सगळं मुसळ केरात.

माझी अर्धी गिरकी सारखी 25 वरच संपत होती. विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन', म्हणजे हात जोरात हलला की पॉइंटर जास्त पळवणारी सोय, बंद होतं, डीपीआय तपासला होता. शेवटी वैतागून 0.314 चं 0.302 केलं आणि बसलं एकदाचं 26 वर.

काकूंनी टेप हातात घेतली, बोटांनी ओढून पाहिली.

"अरे, ही ताणलेली आहे. तुझी आई आता फक्त परकराला वापरते ही."