कपडेपटातील अडीच तास

हौशी नाट्यसंस्थेत ज्याला अभिनय येत नाही, त्याच्याकडे इमारतीच्या किल्ल्या सोपवल्या जातात. या न्यायाने आमच्या छोट्या नाट्यगृहाच्या सर्व किल्ल्या अनेक वर्षांपासून माझ्याकडे आहेत, आणि त्या जुडग्याच्या वजनालाच मी बराच काळ अधिकार समजत होतो.

एका सुट्टीच्या दुपारी कपडेपटाची मोजदाद करण्यासाठी मी एकटाच तेथे गेलो. तासाभराचे काम, म्हणून घरी सांगितले नाही. मोबाइल नेपथ्यातील सोफ्यावर ठेवला. जुडगा दाराला बाहेरून तसाच लटकू दिला. मागे दार आपोआप लोटले गेले, आणि ते उघडू गेलो तेव्हा आतली मूठ निखळून माझ्या हातात आली. मूठ हातात आणि दार जागच्या जागी, अशा अवस्थेत आपण नेमके काय धरून उभे आहोत, हे काही क्षण कळत नाही.

बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून नाट्यगृहाच्या भिंती जाड बांधतात. आतला माणूस ओरडत असेल तेव्हाही त्या आपले काम तितक्याच निष्ठेने करतात. मी अडीच तास ओरडलो. मग गारठा वाटू लागला, म्हणून एक भरजरी राजवेष अंगावर चढवला. संध्याकाळी प्रकाशयोजना सांभाळणारा मुलगा विसरलेली छत्री नेण्यासाठी आला, तेव्हा ओरडून बसलेल्या माझ्या आवाजातील "कोण आहे तिकडे?" ही हाक अंधाऱ्या विंगेतून त्याच्यापर्यंत पोहोचली आणि तो छत्री टाकून पळाला. माझ्या संवादफेकीचा एवढा परिणाम त्यापूर्वी कधी झाला नव्हता. तो आणखी दोघांना घेऊन परतला आणि दार उघडल्यावर तिघेही दोन पावले मागे सरकले; ते राजवेषामुळे असावे.

तेव्हापासून मी संस्थेचा सर्वांत कंटाळवाणा सदस्य झालो आहे. एकट्याने शिडीवर चढायचे नाही, असे मी सांगतो. दुकट्याने चढतानाही चार फूट उंचीमागे शिडीचा पायथा भिंतीपासून एक फूट दूर हवा, हे ऐकवतो. रिकाम्या रंगमंचावर स्टँडवरचा एक उघडा दिवा जळता ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तो भुतांसाठी असतो असे म्हणतात, परंतु त्याचा खरा लाभ अंधारात रंगमंचाच्या कडेवरून खाली कोसळू शकणाऱ्या जिवंत माणसाला होतो. आम्हीही असा दिवा आणला, आणि विजेच्या बिलाचा प्रश्न कार्यकारिणीच्या तीन बैठकांत गाजला.

मागच्या दाराबाबत मात्र मी विनोद करत नाही. 1903 मध्ये शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहाला आग लागली तेव्हा बाहेर पडण्याची अनेक दारे उघडलीच नाहीत, आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अंगाने रेटताच उघडणारी आडवी दांडी दारांवर आली, ती अशा दुर्घटनांतूनच. आमच्या दारालाही ती दांडी आहे. फक्त तिच्यासमोर एका रंगवलेल्या राजवाड्याच्या भिंती रचून ठेवल्या होत्या. त्या मी दुसऱ्याच दिवशी हलवल्या, अर्थात एकट्याने नव्हे.

माझा लाडका नियम वहीचा. एकटा येणाऱ्याने प्रवेशद्वाराजवळच्या वहीत येण्याची वेळ लिहायची, जाताना जाण्याची वेळ लिहायची, आणि मोबाइल खिशातच ठेवायचा. जाण्याची वेळ ठरल्या वेळेपर्यंत लिहिली गेली नाही, तर सचिवांनी शोध घ्यायचा. गेल्या आठवड्यात मी दिवे तपासून घरी आलो, मोबाइलचा आवाज बंद केला आणि झोपलो. रात्री सचिव आणि दोन सदस्य टॉर्च घेऊन कपडेपट, तळघर आणि रंगभूषेची खोली धुंडाळत असल्याचे मला सकाळी समजले. वहीत माझ्या नावापुढे जाण्याची वेळ आजही रिकामी आहे; तेथे सचिवांनी लाल शाईने लिहिले आहे, "सदर सदस्य अद्याप आतच आहेत."