व्हेंडर कोड कोणाला मिळतो?

तळेगावचा वेदान्त-फॉक्सकॉन प्रकल्प 2022 साली गुजरातला गेला, तेव्हा आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रण माजलं होतं. पुढच्या वर्षी फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली, त्यावर मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. दावोसचे करार जाहीर झाले की पुन्हा तेच: किती कोटी, कोणाच्या काळात. व्हेंडर कोड, म्हणजे मान्य पुरवठादाराला कंपनी देते तो नंबर, कोणाला मिळणार, हे कोणी विचारत नाही.

मी चेक प्रजासत्ताकात, म्लादा बोलेस्लाव या स्कोडाच्या गावात, एका पुरवठादाराकडे क्वालिटी बघतो. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर सरकारने डिसेंबर 1990 मध्ये रेनोला डावलून स्कोडासाठी फोक्सवॅगन निवडली. पण मोटार कंपनी एकटी येत नाही. मागोमाग सीटवाले, दिव्यांवाले अशी वरात येते. जुन्या चेक पुरवठादारांपैकी काहींनी जर्मन भागीदार घेतले आणि ते तरले. पुष्कळांची मालकी मात्र हळूहळू परक्यांकडे गेली.

आजही आमचा नवा भाग पास व्हायचा, तर नमुने, मोजमापांचे तक्ते, मटेरियलचे दाखले असं पीपीएपीचं (नव्या भागाच्या मंजुरीच्या कागदांचं) बाड आधी टियर-वनकडे, म्हणजे मोटार कंपनीला थेट माल देणाऱ्या पुरवठादाराकडे, जातं. भाग इथे बनतो, ड्रॉइंग जर्मनीतून येतं. एखादी कड अर्ध्या मिलिमीटरने बदला म्हटलं, तर भाग बनवणाऱ्याचं मत शेवटी विचारतात!

प्रागच्या सरकारचे हातही बांधलेलेच होते. 1993 मध्ये फोक्सवॅगनने ठरलेली गुंतवणूक एकदम कापली, 2000 पर्यंत स्कोडा पूर्ण तिची झाली. तरी ब्रँड टिकला आणि गाड्यांचा डिझाइन विभाग इथेच राहिला. माझ्या मते चेक लोकांची खरी कमाई ती. म्हणून तर 2018 मध्ये फोक्सवॅगन गटाच्या भारतातल्या कारभाराची सूत्रं स्कोडाकडे आली.

तीच स्कोडा 2001 पासून औरंगाबादजवळ शेंद्र्याला आहे. बजाजमुळे वाळूजला व्हेंडरांची फळी आधीच उभी होती. तिथल्या एन्ड्युरन्सने तर पुढे इटली-जर्मनीत कारखाने घेतले. म्हणजे आपल्या माणसांना हे जमत नाही, असं नाही.

स्कोडाची कुशाक गाडी 95 टक्क्यांपर्यंत भारतीय, असं कंपनी सांगते. या टक्क्यात भाग कुठे बनला ते मोजतात, कारखाना कोणाचा ते नाही. चाकणमधल्या जर्मन कंपनीचा भागही त्यात ‘लोकल’च. आपल्या मंत्र्यांना गुंतवणुकीचा आकडा जरूर विचारा, पण सही होण्याआधी टियर-टूची, म्हणजे टियर-वनला भाग पुरवणाऱ्यांची, यादीही मागा, आणि ड्रॉइंग बदलायचा अधिकार पुण्यात कोणाला असेल तेही.