एकाच फोल्डरातील भाऊबंद

शिवाजी पेठेतील आमच्या तालमीच्या गणेशोत्सवाची वर्गणी लिहून ठेवण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे, आणि ती वही संगणकावर आणण्याची दुर्बुद्धी मला यंदा, निवृत्तीनंतरच्या रिकामपणात, झाली. चार महिने खपून जावास्क्रिप्ट ही ब्राउझरात चालणारी संगणकभाषा शिकलो, एक वेबपान रचले आणि देणगीदारांची नावे व रकमा एका जेसन फाईलमध्ये, म्हणजे माहिती साठवण्याच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये, भरून ती फाईल पानाच्या शेजारीच, त्याच फोल्डरात ठेवली. पानाने हात लांब करून शेजारची फाईल वाचावी आणि बेरीज दाखवावी, एवढीच माझी अपेक्षा होती. डबल क्लिक केल्यावर ‘एकूण वर्गणी’ ही अक्षरे झोकात उमटली आणि त्यांच्यापुढे काहीही उमटले नाही.

पुण्यात संगणकाची नोकरी करणाऱ्या भाचीने फोनवरून मला कन्सोल, म्हणजे ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी, उघडायला लावला. तेथे लाल अक्षरांत तक्रार होती की हे पान ‘नल’ (रिकाम्या) या ओरिजिनचे, म्हणजे मुळाचे, असल्यामुळे त्याला फाईल वाचता येणार नाही. “म्हणजे मामा, तुमच्या पानाला मूळ-कूळच नाही,” असा तिने खुलासा केला. सोयरीक जुळवताना सात पिढ्या विचारणाऱ्या आमच्या घराण्याला हे वाक्य ऐकावे लागेल, असे वाटले नव्हते.

१९९५ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटरमधून जावास्क्रिप्ट आली आणि पाठोपाठ पानांचे मूळ तपासण्याचा हा नियमही आला. प्रोटोकॉल (बोलण्याची पद्धत), होस्टचे (पान पुरवणाऱ्या यंत्राचे) नाव आणि पोर्ट (त्या यंत्राच्या दाराचा क्रमांक) ही तिन्ही जुळली तरच दोन पाने एका मुळाची, आणि एका मुळाच्या स्क्रिप्टनेच दुसऱ्याच्या पोटात डोकवावे. डिस्कवरून थेट उघडलेल्या फाईलला होस्टच नसतो, त्यामुळे प्रत्येक फाईल स्वतंत्र आणि बेवारस ठरते. एका छताखाली राहून बांधावरून कोर्टात गेलेल्या भावांसारखे माझे पान व माझी फाईल एकमेकांना ओळख दाखवीनात. फायरफॉक्स पूर्वी एका फोल्डरातल्या फाईलींना सख्खे मानत असे. पण कोणीतरी पाठवलेले पान आपण डाऊनलोडच्या फोल्डरात उघडले, तर ते तिथली बाकीची कागदपत्रे वाचून परस्पर बाहेर पाठवू शकते, हे ध्यानात आल्यावर जुलै २०१९ मधल्या ६८ व्या आवृत्तीपासून त्यानेही ही माया तोडली. ब्राउझरला मी लिहिलेले पान आणि चोराने लिहिलेले पान यांतला फरक कळत नाही, हे मला पटले; फक्त चार महिन्यांच्या मेहनतीनंतर पटायला जरा जड गेले. शिवाय हीच यादी जेसनऐवजी जेएस (जावास्क्रिप्टच्या) फाईलमध्ये कोंबून स्क्रिप्ट टॅगने, म्हणजे पानात स्क्रिप्ट जोडणाऱ्या खुणेने, आत ओढली असती, तर याच कडक पहारेकऱ्याने ती मुकाट्याने आत सोडली असती, हे भाचीने मला दोन दिवसांनी सांगितले.

क्रोमला फाईलींची मुभा देणारा एक छुपा स्विच आहे, असेही तिच्याकडून कळले. मात्र तो चालू ठेवून इंटरनेटवर फिरणे म्हणजे घर सताड उघडे टाकून जोतिबाच्या यात्रेला जाणे होय, अशी तंबीही तिनेच दिली. मग मी पानावर फाईल निवडण्याचे बटण लावले. माणसाने स्वतःच्या हाताने फाईल निवडली की ब्राउझर तेवढी एकच पानाच्या हाती देतो. फाईलचा पत्ता दाखवून पाहिला, तर तो ‘सी:\फेकपाथ\’ असा सुरू झाला. माझी फाईल डी ड्राइव्हवर होती. खरा पत्ता पानाला कळू नये आणि पत्त्याची सवय लागलेली जुनी संकेतस्थळेही मोडू नयेत, म्हणून ब्राउझर खोटा पत्ता देतो आणि तो खोटा असल्याचे त्याच पत्त्यात लिहितो. इतका प्रामाणिक खोटारडेपणा मी पेठेतल्या राजकारणातही पाहिलेला नाही.

अखेर भाचीने पायथन या संगणकभाषेतला एका ओळीचा सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पाने पुरवणारा प्रोग्राम, माझ्याच संगणकावर सुरू करून दिला. त्याबरोबर पानाला होस्ट मिळाला (‘लोकलहोस्ट’, म्हणजे हाच संगणक), पोर्ट मिळाला (८०००), फाईलशी नाते जुळले आणि बेरीज आली. तालमीच्या बैठकीत मी ते पान मोठ्या टीव्हीवर अभिमानाने लावले. सगळे बेरीज पाहत असताना वस्ताद मात्र वरच्या पट्टीवरची ‘लोकलहोस्ट:८०००’ ही इंग्रजी अक्षरे जुळवत बसले होते.

“आठ हजार?” ते म्हणाले. “कुठल्या गल्लीतला म्हणायचा ह्यो लोकलहोस्ट?”

मी तोंड उघडेपर्यंत खजिनदारांनी पावतीपुस्तक काढले होते.