मी म्हणजे मीच, शपथेवर

परवा मी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की मी मीच आहे. टायपिंग, नोटरी, झेरॉक्स आणि दोन चहा धरून आठशे ऐंशी गेले. मेसचे पैसे होते ते. त्यामुळे हे लिहिताना पोटात जी काही जळजळ आहे ती पूर्णपणे तात्त्विक नाहीये.

झालं असं की पदवीच्या सर्टिफिकेटचा फॉर्म भरायला गेलो, तर खिडकीतल्या मॅडमनी माझी तीन कागदं पत्त्यांसारखी पसरली आणि म्हणाल्या, "हे तिघं कोण?" दहावीच्या मार्कशीटवर माझं इंग्रजी नाव 'आर यू'नं सुरू होतं, आधारवर 'एच आर यू'नं, आणि बीएच्या मार्कलिस्टवर कुणीतरी 'आर आय' करून ठेवलंय. म्हटलं मॅडम, मीच. तिघंही मीच. त्या म्हणाल्या तसं ॲफिडेव्हिट आण, पुढचा.

आता ह्यात माझी चूक शून्य आहे हे मला इथे नोंदवून ठेवायचंय. नाव ठेवलं आजीनं. तिच्या मनात हृषीकेश होता, म्हणजे हृषीक अधिक ईश, इंद्रियांचा स्वामी, गीतेच्या पहिल्याच अध्यायात पाञ्चजन्य फुंकणारा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलं ऋषिकेश, म्हणजे ऋषीचे केस. वर तो ऋ. मराठीत आपण त्याला रु म्हणतो, उत्तरेत रि म्हणतात, आणि इंग्रजीत टाईप करणारा माणूस त्या दिवशी कुठल्या मूडमध्ये असेल ते म्हणतो. देशातलं पहिलं आधारकार्ड २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तेव्हा मी पहिलीत होतो आणि मला वाटायचं माझं नाव पिंट्या आहे. तेच नाव मी धरून ठेवायला हवं होतं. पिंट्यात स्पेलिंगचा फार स्कोप नाही.

विनोद पुढे आहे. मी एमएला फिलॉसॉफी घेतलंय. गेल्या सेमिस्टरला 'व्यक्तीची एकात्मता' ह्यावर पेपर लिहिलाय. जॉन लॉक म्हणतो स्मृती सलग असेल तर माणूस तोच, राजपुत्राचं मन चांभाराच्या शरीरात गेलं तरी आतला राजपुत्रच. तिकडे बौद्ध भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की तुझा रथ म्हणजे नक्की काय, चाक का आस का जू, आणि मग म्हणतो तसंच 'नागसेन' हेही नुसतं नाव, आत कुणी सापडत नाही. ह्याच्यावर मी अकरा पानं लिहिली होती आणि शेवटी प्रश्न खुला ठेवला होता. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं तो चार मिनिटांत बंद केला. त्याच्याकडे फॉरमॅट तयार होता. "सदर तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मी स्वतःच आहे." एंटर, प्रिंट. अडीच हजार वर्षं लोक उगाच डोकं फोडून घेतायत.

मी म्हटलं दादा, स्टॅम्पपेपर कशाला, माफ झालाय ना? मी पेपर वाचतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरचा पाचशे केला आणि २०२५ च्या मार्चमध्ये विद्यार्थ्यांच्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना शुल्क माफ म्हणून महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं. तो म्हणाला, "ते जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्याला. तुझं कशात बसतं?" मी गप्प. मी कशातच बसत नाही हे मला नातेवाईक बरीच वर्षं सांगतायत. मग खाली बघितलं तर लिहिलेलं की हे खोटं निघाल्यास भारतीय दंड संहिता १८६० प्रमाणे मी शिक्षेस पात्र राहीन. म्हटलं अहो हा कायदा १ जुलै २०२४ पासून गेला, आता न्याय संहिता आहे. "चालतं," तो म्हणाला. म्हणजे खोटं बोललो तर शिक्षा कुठल्या कायद्याखाली, हेसुद्धा खोटंच.

आणि मग तो म्हणाला, "ओळखणारा कोणे?"

नोटरीसाहेबांना म्हणे एक माणूस लागतो, जो सही करून सांगतो की मी ह्या इसमास गेली दहा वर्षे व्यक्तिशः ओळखतो. माझा रूममेट गावी. दुसरा रूममेट मला दोन वर्षं ओळखतो आणि त्यातलं वर्षभर आम्ही गिझरवरून बोलत नाही. टायपिस्ट वैतागला आणि त्यानं मागच्या बाकड्याकडे मान वळवून हाक मारली, "काका, तुम्हालाही पाहिजे ना ओळखणारा? ह्याची तुम्ही करा, तुमची हा करेल."

अशी माझी आणि काकांची दहा वर्षांची ओळख झाली.

काका म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. चौतीस वर्षं सर्व्हिस. ह्यांचं पेन्शनला नाव दत्तात्रय आणि सातबाऱ्यावर दत्तू, आणि दत्तात्रयाला दत्तूची जमीन विकता येईना. मला वाटलं चला, पटकन सह्या करू आणि सुटू. मी पेन काढला तर काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. खोटी सही करायची नाय."

म्हटलं काका, फॉरमॅलिटी आहे.

"असू दे की. चौतीस वर्षांत बिनतिकीट माणूस सोडला नाय मी. दहा वर्षं ओळखतो लिहिलंय ना, मग ओळख करून घ्यायची. चल, चहा."

ह्या माणसाचं म्हणणं असं होतं की दहा वर्षांत एक माणूस दुसऱ्याबद्दल जेवढं जाणतो तेवढं नेमानं सांगितलं तर अर्ध्या तासात होतं, बाकीची वर्षं लोक हवापाण्यावर बोलण्यात घालवतात. मला ह्यावर काय बोलावं तेच सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. आमच्या डिपार्टमेंटला कांट शिकवतात, तो १७९७ च्या निबंधात म्हणतो की दारात खुनी आला आणि त्यानं तुमच्या मित्राचा ठिकाणा विचारला तरी खोटं बोलू नका. पण समोरचं वाक्य खोटं असेल तर बशीत चहा ओतून ते खरं करून घ्या, हे त्यालाही सुचलेलं नाही.

तर मला कळलं ते असं. काकूंचं माहेर बार्शी. काकांच्या डाव्या गुडघ्यात पाणी होतं, उजव्यात होईल. जावई चांगला आहे पण बोलत नाही, म्हणजे चांगला नाही. थोरला मुलगा चाकणला, धाकट्याचं नाव काढायचं नाही. वांगं चालत नाही, खाज सुटते. मधेच परीक्षा. "सांग, काकूंचं माहेर?" मी म्हटलं पंढरपूर. "बार्शी! लक्ष नाय तुझं. साहेबांनी विचारलं तर काय सांगशील?" चहावाला हसला. मी बावीस वर्षांचा माणूस भर दुपारी एका अनोळखी बाईंचं माहेर पाठ करत होतो आणि मॅडमची खिडकी चारला बंद होणार होती.

मग माझा नंबर. कारलं आवडत नाही, हे मी सांगितलं. पोहता येत नाही. काय शिकतोस? फिलॉसॉफी. "म्हंजे पुढं काय?" हा प्रश्न मला लग्नात, केशकर्तनालयात आणि एकदा दाताच्या डॉक्टरनं तोंडात आरसा असताना विचारलेला आहे, त्यामुळे मी चिडून त्यांना नागसेनाचा रथच ऐकवला. म्हटलं सांगा आता, चाकं बदलली, आस बदलला, सगळं बदललं, तर रथ तोच का?

काकांनी एक क्षणही घेतला नाही. "तोच. दापोडीच्या वर्कशॉपला जाऊन बघ. जुन्या चासीवर नवी बॉडी चढवत्यात, आतली शिटं नवी, काचा नव्या, टायर तर कितींदा. पण नंबर तोच ना? आरटीओला विचार. गाडी म्हंजे नंबर."

"आणि माणूस?"

"माणूस म्हंजे आधार. बारा आकडी."

सांगायला लाज वाटते पण माझ्या अकरा पानांत हे नव्हतं. तसं बघितलं तर त्या दिवशी अख्ख्या शहरात हाच एक माणूस होता ज्याला मी कोण आहे ह्यात खराखुरा रस होता. आणि मग ते अर्ध्या तिकिटांबद्दल बोलायला लागले आणि मला ते आवडायलाही लागले होते. एसटीत पाच ते बाराला अर्धं तिकीट, त्यामुळे महाराष्ट्रातली निम्मी पोरं एसटीत चढली की बाराच्या खाली येतात. मिसरूड फुटलेला पोरगा आणि आई म्हणते अकरावं चालूय. "मी पोराकडं बघायचो. पोरगं खाली बघायचं. मग फुल फाडायचो." आता स्वतः अडुसष्ट, म्हणून अर्धं तिकीट, आणि नवा कंडक्टर त्यांच्याकडे आधार मागतो. दाखवतात. "त्यानं मागायलाच पायजे," म्हणाले, पण म्हणताना तेही खालीच बघत होते.

इथपर्यंत ठीक होतं. मग काकांनी बशी खाली ठेवली आणि आवाज जरा खाली आणला.

"आडनाव सांगितलंस. पण आडनावावरनं कळत नाय हो. म्हंजे तुमच्यात कसं... गाव कुठलं?"

हा प्रश्न ज्यांना विचारला जातो त्यांना तो पहिल्या अक्षरालाच कळतो. गाव कुठलं म्हणजे गाव कुठलं नसतं. पुण्यात रूम बघत फिरत होतो तेव्हा एका आजींनी गाव विचारलं, मग वाडी विचारली, मग कुलदैवत, मग म्हणाल्या आम्हाला आपलं माहीत असलेलं बरं, आणि दुसऱ्या दिवशी रूम गेलेली होती. वर्गात जॉन लॉकवर दोन तास चर्चा होते, चांभाराच्या शरीरात राजपुत्र गेला तर काय, सगळे वह्या भरतात, आणि कॅन्टीनला बाहेर आलं की कुणीतरी सहज म्हणून पूर्ण नाव विचारतं. त्या उदाहरणात चांभार हा चांभारच का घेतला, हे मात्र वर्गात कुणी विचारत नाही, मीही विचारलं नाही. असो. मी म्हटलं काका, कशाला पाहिजे?

"अरे तसं नाय. आपलं सहज. ओळखायचं म्हटल्यावर नीट ओळखायला नको?"

वाईट ह्याचंच वाटतं की त्यांच्या हिशोबानं ते बरोबर होतं. त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की भांडताही येईना, आणि सव्वातीन वाजले होते, आणि सही त्यांच्या हातात होती. मी म्हटलं, "नांदेडकडचे आम्ही."

आमचं गाव नांदेडकडे नाही. मी आयुष्यात नांदेडला गेलेलो नाही. कुठलं आहे ते इथेही सांगणार नाही.

काका खूश. "नांदेड! मग भाषा नाय वाटत तुझी." म्हटलं पुण्यात राहून गेली.

नोटरीसाहेबांनी दोघांपैकी कुणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही. रजिस्टर पुढे सरकवलं, इथं सही, इथं अंगठा, आणि लाल गोल स्टिकर चिकटवता चिकटवता विचारलं, "ओळखता?" मी काकांच्या बाबतीत "हो" म्हटलं, तेही धर्मराजानं कुंजर म्हटलं तेवढ्याच आवाजात. काकांची पाळी आली तर ते ताठ उभे राहिले.

"ओळखतो म्हंजे? नांदेडकडचा पोरगा. कारलं खात नाय, पवायला येत नाय. चांगला पोरगा हाय."

साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांना वाटलं असावं की काकांना ऊन लागलंय. आणि मी तिथे उभा राहून विचार करत होतो की ज्या माणसानं चौतीस वर्षं एक तिकीट खोटं फाडलं नाही त्याच्या तोंडून मी सरकारी रजिस्टरासमोर खोटं वदवलंय, आणि ह्याला माहीतही नाही. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा तो खाली टेकला म्हणतात. माझी चप्पल आधीच तळातून निघालेली होती.

मॅडमनी ॲफिडेव्हिट वाचलं नाही. स्टेपल केलं. "ह्याची झेरॉक्स?" म्हणाल्या. आठशे ऐंशीमध्ये ते दोन रुपये धरलेत.

काल रविवारी सकाळी फोन आला. नंबर मी सेव्ह केलेला नव्हता, पण आवाज ओळखला, आता ओळखतोच म्हणा. दत्तूचं काम झालं म्हणाले. मग म्हणाले, बहिणीच्या नावाचाही घोळ आहे, गुरुवारी येशील का, तिच्याशी आधी बोलून घे हवं तर, ती सगळं सांगेल. म्हटलं बघतो. "आणि हे बघ, आमचा मेव्हणा नांदेड डेपोला होता बारा वर्षं. तिकडची गावंन् गावं पाठ हायत त्याला. इथंच बसलाय. तुझं नेमकं गाव कुठलं, सांग बरं त्याला, देऊ का फोन?"

मी म्हटलं, काका, आवाज तुटतोय तुमचा, हॅलो, हॅलो.

रेंज फुल होती.